हत्ती गेला, शेपूट राहिले! डाळ पॅकिंगचा शेवटचा अर्धा तास



तूर असो की मूग-उडीद, आपला माल वर्षानुवर्षे गोणीत भरून बाजार समितीत गेला. आडत्याच्या ओट्यावर गोणी उतरली की ती कोणाच्या शेतातली, हे पुढे कोणी विचारत नसे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळ मिलचा माल देशभर जातोच. पण आता जळगाव-धुळे भागातल्या गावांतही मिनी डाळ मिल आल्या, बचत गट अर्धा-एक किलोची पाकिटे भरू लागले. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत तर अशा कामासाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अनुदान ठेवले गेले.

गोणी आणि पाकीट यांत मोठा फरक आहे. पाकिटावर नाव, पत्ता, निव्वळ वजन, लॉट नंबर आणि तारीख छापावीच लागते. म्हणजे तक्रार निघाली की ती सरळ तुमच्या दारात येणार. आणि बऱ्याच तक्रारींचे मूळ असते दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासात. माल संपत आला, घरी जायची घाई झाली, बटण दाबले, कुलूप ठोकले. हत्ती गेला आणि शेपूट राहिले! म्हणून काम आटोपण्याची ही पद्धत ध्यानात ठेवा.

आधी माल थांबवा

हॉपरमध्ये नवीन डाळ टाकणे बंद करा आणि आतली सगळी बाहेर येऊ द्या. उरलेली डाळ वेगळ्या पिशवीत भरून तोंड बांधा, लॉट नंबरची चिठ्ठी लावा. ती उद्याच्या लॉटमध्ये गुपचूप ढकलू नका. पुढे एखादा लॉट बाजारातून परत मागवायची वेळ आली, तर कोणता माल कुठे गेला हे सांगता आले पाहिजे. नाहीतर एका लॉटपायी दोन लॉट परत येतील.

पाकिटांचा हिशोब

समजा, सकाळी १,००० रिकामी पाकिटे काढली. ९६२ भरली, २६ खराब झाली, तर शिल्लक १२ हवीत. ४ च सापडली तर बाकीची ८ शोधा. आजची तारीख छापलेले रिकामे पाकीट उद्या भरले गेले, तर ती खोटी तारीख ठरते. छापलेली उरली तर कात्रीने कापून टाका. कोरी तेवढी बांधून कपाटात ठेवा.

काटा पुन्हा तपासा

१ किलोचे प्रमाणित वजन काट्यावर ठेवून पाहा. काटा १० ग्रॅम जास्त दाखवत असेल, तर तुमचे पाकीट तेवढेच कमी भरले गेले. मागच्या तपासणीनंतर भरलेली सगळी पाकिटे पुन्हा मोजावी लागतील. म्हणून दुपारीही एकदा काटा तपासलेला बरा.

यंत्र गार होऊ द्या

बँड सीलरचा हीटर आधी बंद करा, पट्टा आणि पंखा मात्र चालू ठेवा. तापमान १०० अंशांच्या खाली आले की मगच पट्टा थांबवा. गरम असतानाच थांबवला तर पट्टा एकाच जागी भाजतो आणि उद्या सील कच्चे बसते. मग मेन स्विच बंद, प्लग बाहेर. त्याआधी आत हात घालायचा नाही. भगिनींनी पदर आणि ओढणी खोचलेली असावी.

झाडा, धुऊ नका

डाळीच्या यंत्राला पाणी लावू नका. ओल राहिली की बुरशी येते. ब्रशने, कोरड्या फडक्याने कोपरे साफ करा. चुरीत आणि पिठात तांबडे भुंगेरे वाढतात. आज मूठभर चुरी राहिली, तर महिनाभराने ग्राहकाच्या डब्यात भुंगेरा निघतो. झाडलेली चुरी खोलीतच ठेवू नका.

हंगाम संपताना

मृगाचा पाऊस पडायच्या आत यंत्र पूर्ण रिकामे करा, पट्टे सैल सोडा, बेअरिंगला ग्रीस द्या आणि सुती कापडाने झाका. फिल्मचे रोल जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. उंदीर वायर कुरतडतात. तिकडेही लक्ष असू द्या.

हे सगळे एका वहीत लिहा: तारीख, लॉट, भरलेली, खराब व शिल्लक पाकिटे, काट्याची तपासणी, बंद करणाऱ्याची सही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, गटाची मिल पाहायला गेलात तर चालू यंत्राशेजारी फोटो जरूर काढा, पण ही वहीसुद्धा मागा. काही अडले तर पाल, ममुराबाद किंवा धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

पाकिटावर तुमच्या गावाचे नाव आहे. कुलूप लावण्यापूर्वी अर्धा तास त्या नावासाठी द्या.