जळूची लाट आणि बास माशाचे आमिष

उत्तर अमेरिकेतील खडकाळ, वाहत्या नद्यांत राहणारा स्मॉलमाउथ बास हा मासा गळाला लावण्यासाठी जी कृत्रिम आमिषे वापरली जातात, त्यांत जळूची नक्कल करणारी आमिषे विशेष लोकप्रिय आहेत. मात्र त्यांच्या जाहिरातींत रंग आणि चकाकी यांचे जेवढे कौतुक होते, तेवढे जळूच्या पोहण्याचे होत नाही आणि खरे मर्म तर त्या पोहण्यातच आहे.

मासा पोहताना शरीर डावी-उजवीकडे वळवतो. जळू मात्र अंग चपटे करते आणि पाठीचे व पोटाचे स्नायू आळीपाळीने आखडून डोक्याकडून शेपटीकडे सरकणारी वर-खाली लाट निर्माण करते. या हालचालीचे मूळ गुंथर स्टेंट, विल्यम क्रिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात औषधी जळूवर प्रयोग करून उलगडले. जळूचा चेतारज्जू शरीरातून अलग काढून ठेवला, तरी पोहण्याची लय त्यातील चेतापेशींत उमटू शकते, म्हणजे ती लय स्नायूंच्या हालचालींवर अवलंबून नसते. धडातील २१ गुच्छिका, म्हणजे चेतापेशींचे पुंजके, एकामागून एक किंचित विलंबाने कार्यरत होतात आणि त्यामुळे पोहणाऱ्या जळूच्या अंगावर कोणत्याही क्षणी साधारण एक पूर्ण लाट दिसते. इतक्या मोजक्या पेशींतून इतकी डौलदार गती निर्माण व्हावी, ही प्राणिशास्त्रातील अत्यंत देखणी गोष्ट आहे.

या गतीच्या सर्वांत जवळ जाणारे आमिष म्हणजे ‘वूली बगर’ ही माशी. मासेमारीत ‘माशी’ म्हणजे गळावर पिसे आणि धागे बांधून केलेले हलके आमिष. तिच्या शेपटीसाठी माराबू नावाने ओळखले जाणारे, हल्ली टर्की पक्ष्याचे असणारे, मऊ पीस वापरतात. कोरडे असताना ते फुगीर दिसते, पण भिजताच आक्रसून निमुळते होते आणि प्रवाहाच्या किंचितशा स्पर्शानेही त्याचा तंतू न् तंतू हलू लागतो. माशीच्या डोक्याशी धातूचा मणी बसवला, की दोरी ओढताना तोंड वर उचलले जाते आणि ओढ थांबताच खाली झुकते. जळूची वर-खाली चाल साधते ती इथे.

या माशीचे श्रेय पेनसिल्व्हेनियातील रसेल ब्लेसिंग यांना दिले जाते आणि तिचा काळ १९६७च्या सुमाराचा मानला जातो. मात्र त्यांच्या नजरेसमोर जळू नव्हती, तर बासला आवडणारी डॉब्सनफ्लाय या कीटकाची पाण्यातील अळी होती. शिवाय नदीतील बासचा मुख्य आहार बहुधा क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणी, हा असतो. तेव्हा गळाला लागलेल्या माशाने आमिषाला जळूच समजले, असा दावा करणे धाडसाचे ठरेल. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषा हे संवेदनेंद्रिय पाण्याची सूक्ष्म हालचाल टिपते, त्यामुळे गढूळ पाण्यात किंवा संधिप्रकाशात, जेव्हा उजेड टाळणाऱ्या जळवा दगडांखालून बाहेर पडतात, तेव्हा रंगापेक्षा हालचालच अधिक मोलाची ठरते.

म्हणून आमिष निवडताना वेष्टनावरील नावापेक्षा शेपटीची चाल पाहावी: जी शेपटी डावी-उजवीकडे हलते ती माशाची नक्कल आहे, मग तिच्यावर ‘जळू’ असे कितीही ठळक अक्षरांत छापलेले असो.