हाक मारता येत नाही तेव्हा

आमच्या दादाचा आवाज म्हणजे खणखणीत नाणं. तळमजल्यावर तो बोलला की वरच्या बिऱ्हाडात ऐकू जाई. तोच दादा अतिदक्षता विभागात नुसते ओठ हलवत होता. व्हेंटिलेटरला बरेच दिवस झाले, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली होती. ट्रॅकिऑस्टॉमी.

"आवाज गेला का हो?" मी घाबरून विचारलं.

"नाही काका. हवा स्वरयंत्राच्या खालूनच ये-जा करते, म्हणून आवाज उमटत नाही. नळी निघाल्यावर बहुतेकांचा परत येतो," सिस्टर म्हणाल्या.

भेटीच्या वेळेत मी त्यांचं काम पाहू लागलो. जरा खरखर झाली की मी म्हणे, "साफ करा ना." त्या आधी छातीला स्टेथोस्कोप लावत. गरज नसताना नळी घातली तर आत खरचटतं. गरज असेल तर आधी दादाला सांगत, "आजोबा, ठसका लागेल हं." मग जादा ऑक्सिजन, निर्जंतुक हातमोजे, बारीक नळी आत आणि १०-१५ सेकंदांत बाहेर. जास्त वेळ ओढलं तर कफाबरोबर प्राणवायूही ओढला जातो.

नळीभोवतीच्या फुग्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटरांत ठेवायचा. कमी पडला तर लाळ फुप्फुसात झिरपते, वाढला तर श्वासनलिकेला आतून जखम होते. मानेची फीत बांधताना आत एक बोट मावलं पाहिजे. उशाशी दोन जादा नळ्या तयार, एक त्याच मापाची, एक लहान.

एकदा सिस्टरनी दादाच्या हाती पाटी दिली. वाकड्या अक्षरांत त्यानं लिहिलं, 'रात्री कोण?' तेव्हा उमगलं, त्याला भीती दुखण्याची नव्हती. हाक मारता येणार नाही, ही होती.

त्या संध्याकाळी मी पाळी बदलताना पाहिली. बँकेत तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्याकडे देताना आम्ही सही घेत असू. इथे दोघी सिस्टर खाटेशी उभ्या राहून नळी, फुगा, फीत, जादा नळ्या एकेक तपासत होत्या. शेवटी रात्रीच्या सिस्टरनी घंटीचं बटण दादाच्या तळहातात ठेवलं, दाबून पाहायला लावलं. "मी इथेच आहे, आजोबा." दादानं डोळे मिटले.

पुढे नळी निघाली. गळ्यावरच्या पट्टीवर हात दाबून, घोगऱ्या आवाजात दादा पहिलं वाक्य बोलला, "त्या रात्रीच्या सिस्टर कुठायत?"

त्या दिवशी नेमकी त्यांची सुट्टी होती.