रिओ ग्रांदेकाठचे आवाज

न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागात आणि कोलोरॅडोच्या दक्षिण भागात, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, स्पॅनिश बोलणारी जुनी गावे आहेत. या भागात स्पॅनिश वसाहत 1598 मध्ये सुरू झाली. मेक्सिको-अमेरिका युद्ध संपवणाऱ्या 1848 च्या तहानंतर हा भाग अमेरिकेकडे गेला. सत्ता बदलली, पण घरातली भाषा, सण आणि गाणी टिकली. त्यातले बरेचसे कागदावर कधी आलेच नव्हते.

1940 च्या उन्हाळ्यात हुआन बी. राएल ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन या गावांत फिरले. ते स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवत. जन्म मात्र इथल्याच आरोयो ओंदोचा. बाहेरच्या संशोधकापुढे लोक सहसा हातचे राखून बोलतात. राएल यांना गावकीतला माणूस असण्याचा फायदा झाला असणार. तबकड्यांवर लग्नातली गाणी, नाचाच्या फिडलवरच्या चाली, मेंढपाळांच्या धार्मिक नाटकातली पदे आणि ‘आलाबादो’ उतरले. आलाबादो म्हणजे ख्रिस्ताच्या यातनांची, वाद्यांच्या साथीविना संथ लयीत म्हटली जाणारी भक्तिपदे. पाद्री क्वचितच फिरकत अशा गावांत पेनितेंते या धार्मिक बंधुसंघाने ती पिढ्यान्‌पिढ्या जपली. हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असून आता इंटरनेटवरही ऐकता येतो.

पुढे अशा ध्वनिमुद्रणांचा भर गाण्यांवरून आयुष्यकथनाकडे वळला. टेक्सास विद्यापीठात 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘वोसेस’ प्रकल्पाने आधी दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीतील लॅटिनो स्त्री-पुरुषांच्या मुलाखती घेतल्या. अशा कामात नुसते ध्वनिमुद्रण पुरत नाही: बोलणाऱ्याची लेखी संमती, शब्दशः उतारा, स्थळ-काळाची नोंद हवीच, नाहीतर ध्वनिफीत निव्वळ कपाटात पडून राहते.