योजना आणि कृती

ज्या कार्याच्या सिद्धीसाठी एकाहून अधिक कृती कराव्या लागतात त्यास योजना म्हणावे, आणि अशा प्रत्येक योजनेपुढे लगेच हाती घेता येईल अशी एक प्रत्यक्ष कृती लिहून ठेवावी, हा दंडक अमेरिकन लेखक डेव्हिड ॲलन यांनी ‘गेटिंग थिंग्ज डन’ या २००१ सालच्या ग्रंथात घालून दिला. आणि माझ्या मते त्यांच्या साऱ्या पद्धतीचे मर्म याच भेदात आहे. ‘घराची दुरुस्ती’ असे टिपणवहीत लिहिणारा मनुष्य महिनोन्महिने ती ओळ केवळ वाचीत राहतो, कारण दुरुस्ती ही एका बैठकीत करता येण्याजोगी गोष्टच नव्हे. करता येते ते गवंड्याला बोलावून ओल धरलेली भिंत दाखविणे. आपल्याकडील पेढ्यांवर रोजकीर्दीत तारीखवार झालेली नोंद पुढे खतावणीत खातेवार चढे. तद्वतच नित्य पाहण्याची कृतींची यादी आणि आठवड्यातून एकदा सावकाश तपासण्याची योजनांची यादी निरनिराळी राखावी. दोन मिनिटांत उरकणारे काम यादीत न चढविता तत्काळ करावे. साप्ताहिक तपासणीचा कंटाळा येतो, हे खरे. परंतु ती टळली की याद्यांवरचा भरवसा जातो, म्हणून त्या वेळी निदान प्रत्येक योजनेपुढे पुढील कृती लिहिलेली आहे की नाही एवढे पाहावे, आणि नसल्यास तिथल्या तिथे लिहावी.