भूपाळगड : इतिहास आणि दंतकथा

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील बाणूरगड ऊर्फ भूपाळगड हा स्वराज्य व आदिलशाही यांच्या सीमेवरील दुर्ग आज भग्नावस्थेत आहे. भूपालसिंह नामक राजाने तो बांधला, अशी दंतकथा आहे. परंतु ‘भूपाल’ हे मुळात राजवाचक सामान्यनाम होय. तेव्हा गडाच्या नावावरूनच राजा कल्पिला गेला असण्याचा संभव दृष्टीआड करता येत नाही.

इतिहासाचा आधार आहे तो १६७९ मधील प्रसंगास. संभाजीराजे दिलेरखानाच्या गोटात असताना मोगलांनी गड घेतला आणि पाडाव झालेल्या ७०० जणांचा एकेक हात तोडला.

गडावर समाधी दाखविली जाते ती हेर बहिर्जी नाईकांची. दंतकथेने राजा व हेर जपले. त्या ७०० जणांचे स्मरण इतिहासानेच ठेवावयाचे आहे.