गोळ्यांच्या पट्टीबरोबर दोन शब्द

संध्याकाळी सातचा सुमार. कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानापुढे पाच-सहा माणसे उभी असतात. साठीच्या एक बाई पर्समधून मधुमेहाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी काढून पुढे करतात. ‘ह्याच द्या, महिन्याच्या.’ काउंटरवरचा मुलगा पट्टीवरचे नाव वाचतो, गोळ्या देतो, पैसे घेतो. संपला व्यवहार! उद्या एकादशी आहे आणि बाईंचा कडक उपास आहे, हे त्याने विचारलेले नसते आणि बाईंनी सांगितलेले नसते.

दुसऱ्या दिवशी बाई नेमाने गोळी घेतात, पण पोटात अन्न नसते. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा वेळी रक्तातली साखर फार खाली आणतात. दरदरून घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. वेळीच साखरपाणी मिळाले नाही, तर माणूस बेशुद्धही पडतो. उलट साबुदाण्याची खिचडी पोटभर खाल्ली, तर साखर चढते. ‘काकू, उद्या उपास आहे का? मग डॉक्टरांना फोन करून गोळीचे विचारून घ्या,’ एवढे एक वाक्य आदल्या संध्याकाळी कोणी बोलले असते तर?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. हा आजार रोज सांभाळावा लागतो. डॉक्टरांची भेट तीन-चार महिन्यांतून एकदा, तीही काही मिनिटांची. औषधाच्या दुकानाची पायरी मात्र रुग्ण दर महिन्याला चढतो. त्याला सर्वांत जास्त वेळा भेटणारा जाणकार माणूस म्हणजे फार्मासिस्ट. आणि त्याच्याशीच आपण सर्वांत कमी बोलतो.

इन्सुलिनचेच पाहा. आपल्याकडे त्याच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली एक आणि १०० युनिट असलेली दुसरी. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या. चाळीसच्या सिरिंजेचे टोपण लाल, शंभरच्या सिरिंजेचे नारिंगी. शंभरच्या बाटलीतले इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजेत २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात. अडीचपट! बाटली आणि सिरिंज एकत्र हातात देताना फार्मासिस्टने दोन्हींवरचा आकडा दाखवला, की हा धोका टळतो. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, सुई टोचण्याची जागा बदलत राहावी, हेही त्यानेच सांगायचे. दोन डॉक्टरांनी दोन नावांनी एकच औषध लिहून दिले असेल, तर तेही त्याच्याच नजरेला पडू शकते.

हे त्याचे कामच आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. २०१५ च्या नियमावलीने तर रुग्णाला औषधाची माहिती व सल्ला देणे हा त्याच्या कामाचा भाग ठरवला. मग घोडे अडते कुठे?

याचे उत्तर अमेरिकेतल्या एका गावाने दिले आहे. उत्तर कॅरोलिनातल्या अ‍ॅशव्हिल शहराने १९९० च्या दशकात आपल्या मधुमेही कर्मचाऱ्यांची गाठ स्थानिक फार्मासिस्टांशी घालून दिली. फार्मासिस्ट ठरल्या वेळी रुग्णाला भेटत, साखर तपासायला शिकवत, पावले पाहत, काही खटकले तर डॉक्टरांना कळवत. पाच वर्षांपर्यंतचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांची साखर अधिक आटोक्यात आली होती. औषधांवरचा खर्च वाढला, पण एकूण वैद्यकीय खर्च दर रुग्णामागे वर्षाला १२०० ते १८७२ डॉलरनी घटला. मुख्य म्हणजे फार्मासिस्टला त्याच्या वेळेचे पैसे मिळत होते. आपल्याकडे दुकानदाराला मिळतो तो मालावरचा नफा. सल्ला फुकट, आणि मागे रांग उभी! मग तो बोलणार कधी?

ही व्यवस्था बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात थोडे आहे. औषधे शक्यतो एकाच दुकानातून घ्यावीत. रिकाम्या पट्टीऐवजी सगळ्या चिठ्ठ्यांची फाइल न्यावी. चालू असलेली चूर्णे, काढेही सांगावेत. दुपारी गर्दी नसताना जावे आणि ‘फार्मासिस्ट आहेत का?’ असे विचारावे. गोळी जेवणाआधी की नंतर, एखादी चुकली तर काय, उपास किंवा ताप असेल तर काय, हे प्रश्न विचारायला संकोच नको. मात्र मात्रा कमी-जास्त करण्याचा अधिकार डॉक्टरांचाच, हे दोघांनीही विसरू नये.

भाजीवाल्याकडे आपण कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून पाहतो, दहा प्रश्न विचारतो. जन्मभर घ्यायच्या गोळीबद्दल एकही नाही? पुढच्या महिन्यात पट्टी पुढे कराल, तेव्हा एक प्रश्नही पुढे करा. पलीकडचा माणूस कदाचित त्याचीच वाट पाहत असेल.