दाताच्या इम्प्लांटनंतरचं ताट

बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका. गाल चावला गेला तरी कळत नाही. पहिले 24 तास गरम चहा बंद. शहाळं प्यायचं तर पेल्यात ओतून, स्ट्रॉने नव्हे. ओढण्याच्या जोराने जखमेवरची रक्ताची गुठळी निसटू शकते. मग कोमट पेज, वरण आणि मऊ भात, दही. खरी खोडी बारीक जिनसांची: तीळ, खसखस टाक्यांत जाऊन बसतात. साबुदाण्याची खिचडी मऊ खरी, पण तिच्यातला दाण्याचा कूट? तो सोडतो होय! मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक चालू असेल तर दारू अजिबात नाही. हाडाला इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू घट्ट धरायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. तोवर त्या बाजूने चिक्की फोडू नका.